गाडी आपली, पुस्तक कुणाचं?

मी सरकारी कारकून. दिवसभर माझं काम काय, तर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं. अर्ज वाचायचा, सोबतची कागदपत्रं तपासायची, चूक दिसली की शेरा मारायचा आणि फाईल पुढं सरकवायची. वडिलांच्या नावातली वेलांटी चुकली म्हणून मी माणसाला परत पाठवलेलं आहे. (त्याचे तळतळाट लागले असावेत, पुढं येतंच आहे.) तर असा हा वाचण्याचा पगार घेणारा माणूस सहा वर्षं एका कागदावर न वाचता सही करत होता. तो कागद म्हणजे माझ्या गाडीच्या सर्व्हिसिंगचं बिल.

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. बेळगावला मावशीकडचं लग्न आटोपून आम्ही परतत होतो. शेजारी बायको, मागं आई आणि मुलगी, आईच्या मांडीवर कुंद्याचा डबा. चोर्ला घाट उतरायला लागलो. पुढं एक ट्रक रांगत होता, त्यामुळं माझा पाय सतत ब्रेकवर. आणि खरं सांगायचं तर गाडी न्यूट्रलवर होती. उतारावर न्यूट्रल टाकलं की पेट्रोल वाचतं ही आपल्याकडची जुनी समजूत, मला ती कुणी शिकवली तेही आता आठवत नाही. तीन-चार वळणं झाली आणि ब्रेकचं पेडल नेहमीसारखं लागेना. पाय दाबला की ओल्या उशीत रुतावा तसा खाली जाई. पुन्हा दाबला, आणखी खाली. ट्रकचं मागचं फळकूट जवळ येऊ लागलं. कसाबसा तिसरा गिअर घातला, मग दुसरा. इंजिनानं बोंब ठोकली. हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि गटाराच्या काठाला चाक घासत थांबवली. आईनं एवढंच विचारलं, "पोचलो का रे?" तिचा डोळा लागला होता.

अर्धा तास थांबल्यावर पेडल पुन्हा जागेवर आलं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीनं केरीपर्यंत उतरलो आणि साखळीला एका ओळखीच्या गॅरेजात गाडी नेली. मेकॅनिकनं बोनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं.

"पळयात पात्रांव. हें ऑइल न्हय, हो चाच जाला!"

खरंच चहा. तोही टपरीवरचा, चारदा उकळलेला. मग त्यानं विचारलं, "निमाणें केन्ना बदल्लें?" मी थोड्या घुश्शातच सांगितलं की गाडी २०१७ सालची आहे, घेतल्यापासून एकही सर्व्हिसिंग चुकलेलं नाही आणि सगळं अधिकृत सेंटरमध्येच केलंय. तो म्हणाला, "बिलां दाखयात पळोवया." डॅशबोर्डच्या कप्प्यात सगळी बिलं तारखेवार लावलेली होती. कारकून ना मी! सहा वर्षांच्या प्रत्येक बिलात एक ओळ होती : ब्रेक फ्लुइड, टॉप अप. मेकॅनिक हसला. "टॉप अप म्हळ्यार वयल्यान घाल्लें. बदल्लें न्हय."

त्या रात्री झोप लागली नाही. उठलो, गाडीतून मालकासाठी दिलेलं पुस्तक काढलं. सहा वर्षं ते प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आलं नव्हतं. देखभालीच्या तक्त्यात स्पष्ट छापलं होतं की ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलावं. आणखी थोडं पुढं हेही होतं की लांब उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, न्यूट्रलवर कधीही उतरवू नये.

हे असं का, ते मग हळूहळू समजून घेतलं. ब्रेक ऑइल आपण म्हणतो खरे, पण ते तेल नव्हे. हा द्रव हवेतली ओल शोषून घेतो. आपल्या गोव्यासारख्या दमट मुलखात तर विचारूच नका. डॉट-३ नावाचं फ्लुइड ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की उकळण्याची ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात सारखा ब्रेक दाबला की तो तापतो, मुरलेलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय उशीत रुतल्यासारखा खाली जातो. आणि गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल शहाण्यासारखं जागेवर येतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी तुम्ही तक्रार घेऊन गेलात तर समोरचा म्हणणार, "सर, ब्रेक एकदम ओके आहे."

साखळीच्या त्या मेकॅनिकनं फ्लुइड बदलून देण्याचे सहाशे रुपये घेतले. सहाशे! याच सहा वर्षांत सेंटरनं माझ्याकडून 'इंजिन डिकार्बनायझिंग'चे दोनदा आणि 'इंटिरिअर एनरिचमेंट'चे तीनदा पैसे घेतले होते. आतली गादी चकाचक, ब्रेकमध्ये चहा.

तुम्ही म्हणाल, चूक तुमचीच. पुस्तक हाताशी होतं, वाचलं का नाहीत? मान्य. माझी चूक मी कुठंही लपवत नाही. पण ही चूक माझ्या एकट्याची आहे का? आज घरी गेल्यावर आपल्या गाडीचं पुस्तक कुठं आहे ते बघा. मग गेल्या सर्व्हिसिंगचं बिल काढा आणि त्यातल्या किती ओळींचा अर्थ सांगता येतो तेही बघा. माझ्या खात्यातल्या अकरा जणांना मी हे करायला सांगितलं. पुस्तक उघडलेला एक निघाला, आणि तोही गाडीचं घड्याळ लावायला!

गाडी ही चैन आहे, चैनीची झळ सोसा, असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी संध्याकाळी साडेसातनंतर सत्तरीतल्या एखाद्या गावी बसनं जाऊन दाखवावं. कदंब महामंडळ १९८० साली सुरू झालं, त्याचे उपकार मी विसरत नाही. पण आज आपल्या गावांत म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरकडं न्यायचं तर घरची किंवा शेजारची गाडीच लागते. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती आणि नोंदणी झालेल्या वाहनांचा आकडा आता माणसांच्या आकड्याला जाऊन भिडलाय. नोकरदार माणूस कर्ज काढून गाडी घेतो, सात वर्षं हप्ते भरतो. घरानंतर त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महाग वस्तू ती. घराची कौलं कधी परतायची हे त्याला माहीत असतं. विहिरीचा गाळ कधी काढायचा हे माहीत असतं. ज्या वस्तूत तो पोरंबाळं घालून घाट उतरतो तिच्याबद्दल मात्र त्याला काही माहीत नसतं.

का नसतं? माझं म्हणणं असं की ती माहिती त्याच्या भाषेत त्याला कुणी दिलेलीच नाही. आणि त्यानं ती कधी मागितलेलीही नाही.

माझ्या गाडीचं पुस्तक तीनशेच्या वर पानांचं, सगळं इंग्रजीत. मी बीए आहे, ऑफिसात इंग्रजीतून टिपणं लिहितो, तरी त्यातलं पान वाचताना मला दोनदा थांबावं लागतं. कारण ते पुस्तक मालकाला समजावं म्हणून लिहिलेलंच नाही. उद्या कोर्टात "आम्ही सांगितलं होतं" असं म्हणता यावं म्हणून लिहिलेलं आहे. दर पानावर सावधान, धोका, इशारा. दोन वर्षांनी ब्रेक फ्लुइड बदला ही जीव वाचवणारी ओळ आणि कपहोल्डरमध्ये गरम चहा ठेवू नका ही ओळ एकाच आकाराच्या अक्षरात. आता माझ्यासारख्याची ही गत, तर मासळीचा टेंपो चालवणाऱ्यानं काय करायचं? दहावीनंतर शाळा सोडून टॅक्सी घेतलेल्या पोरानं काय करायचं?

"गोव्यात इंग्रजी सगळ्यांना येतं हो," असं एक जण मला म्हणाले. येतं ना! रेस्टॉरंटचं मेन्यूकार्ड वाचण्यापुरतं येतं. 'रेझर्वोयर' म्हणजे धरण नव्हे, ब्रेकची डबी, हे कळण्यापुरतं येत नाही.

आता एक तुलना करतो. काजूवर फवारायच्या औषधाच्या डब्यातली माहितीपत्रिका काढून बघा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार ती हिंदी, इंग्रजी आणि ज्या भागात औषध विकलं जातं तिथल्या एक-दोन प्रादेशिक भाषांत छापावी लागते. का? तर वापरणाऱ्याच्या जिवाला धोका आहे म्हणून. मग टनभर वजनाची, ताशी शंभरच्या वेगानं पळणारी वस्तू काय खेळणं आहे? पाचशे रुपयांच्या औषधाला जे बंधन, ते आठ लाखांच्या गाडीला का नको? मराठीत द्या, कोंकणीत द्या, दोन्हींत दिलंत तर दुधात साखर. पण द्या!

कंपन्यांना हे जमत नाही असं नाही. त्यांना त्याची निकड नाही. अडाणी गिऱ्हाईक परवडतं. हे मी हवेत बोलत नाही. २०११ साली एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं चौकशी सुरू केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आक्षेप काय होता? सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्यायचे नाहीत, बिघाड शोधण्याची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना द्यायची नाहीत, आणि बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल अशी भीती घालायची. आयोगानं सांगितलं की भाग आणि उपकरणं बाहेरच्यांना मिळू द्या, भागांच्या किमती आणि वॉरंटीच्या अटी लोकांपुढं ठेवा, आणि केवळ बाहेरच्या गॅरेजात गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. पुढं कंपन्या अपिलात आणि हायकोर्टांत गेल्या, ते ओघानं आलंच. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिनं जी क्षेत्रं निवडली त्यांत मोटारीही आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात या हक्कासाठी पोर्टलही सुरू झालं. म्हणजे हक्क आहे, निदान कागदावर तरी. पण 'वॉरंटी जाईल' हे दोन शब्द ऐकले की अजूनही आपले गुडघे गळतात, कारण वॉरंटीच्या अटी कुठं लिहिल्यात आणि काय लिहिल्यात हे आपण वाचलेलंच नसतं.

दुसरा अनुभव २०२४ च्या पावसातला. जुलै महिना, दहा दिवस पाऊस उघडलेला नाही. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढचं मॅटिंग ओलं लागायला लागलं. दोन दिवसांत कुबट वास. सेंटरमध्ये नेली. तिथल्या टाय लावलेल्या पोरानं संगणकात बघून सांगितलं की डॅशबोर्ड उतरवावा लागेल, एसीचं कॉइल गेलेलं असणार, अंदाजे अठरा हजार सहाशे. चोर्ल्याचा धडा ताजा होता म्हणून "विचार करून सांगतो" म्हटलं आणि सरळ साखळी गाठली. आमच्या मेकॅनिकनं बोनेट उघडलं आणि पुढच्या काचेखाली, वायपर बसतात तिथल्या जाळीत हात घातला. मूठभर कुजलेली पानं बाहेर काढली.

"पात्रांव, हांगा सारें तयार जालां. माडाक घालात!"

माझी गाडी वर्षभर फणसाखाली उभी असते. काचेवरून ओघळणारं पाणी त्या जाळीतून खाली जातं आणि दोन बाजूंच्या भोकांतून बाहेर पडतं. भोकं पानांनी बुजली, पाणी तुंबलं आणि एसीच्या हवेच्या वाटेनं आत आलं. भोकं मोकळी केली, मॅटिंग काढून वाळवलं. त्यानं पैसे घ्यायलाच नकार दिला, मी तीनशे बळेच ठेवले. पन्नाशी ओलांडलेल्या कौलारू घरात राहणाऱ्या माणसाला पन्हळीत पानं साचली की घर गळतं हे कुणी सांगावं लागत नाही. गाडीलाही पन्हळ असते एवढं एक वाक्य मला कुणी मराठीत सांगितलं असतं तर पावसाळ्याच्या तोंडावर मीच हात घातला असता.

आता एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. सेंटरमधला तो टाय लावलेला पोरगा बदमाश नव्हे. त्याला महिन्याचं टार्गेट असतं, पगार बेताचा असतो, आणि संगणक जे दाखवतो त्यापलीकडं बघायला त्याला कुणी वेळ देत नाही. तसंच रस्त्याकडेचा प्रत्येक मेकॅनिक संत असतो असंही नाही. माझ्याच भावाच्या गाडीला एका गॅरेजात नकली ब्रेकपॅड बसवले गेले होते, ते तीन महिन्यांत लोखंडाला लागले. तेव्हा सेंटर वाईट आणि गॅरेज चांगलं, एवढं सोपं भांडण मी मांडत नाहीये. दोन्हीकडं नाडला जातो तो न वाचणारा, न विचारणारा मालक. ज्याला कळतं त्याला दोन्हीकडं बरी वागणूक मिळते.

आणि इथंच मला आपल्या लोकांवर रागवायचं आहे. कंपन्यांना शिव्या घालणं सोपं, त्या काही हे वाचायला येणार नाहीत.

आपण भाषेसाठी भांडणारी माणसं. ८५-८६ सालचं आंदोलन माझ्या पिढीनं शाळकरी वयात पाहिलं. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापराला वाट राहिली. त्यावर आजही आपली दोन्हीकडची विद्वान मंडळी पानंच्या पानं लिहितात. लिहावं, माझा विरोध नाही. पण इतक्या वर्षांत एका तरी सभेत असा ठराव झाला का, की गोव्यात विकल्या जाणाऱ्या गाडीबरोबर इथल्या भाषेतलं पुस्तक मिळालं पाहिजे? फलकावरची अक्षरं कोणती यावरून आपण रस्त्यावर येतो. ब्रेक कधी बदलायचा हे कुठल्याच आपल्या अक्षरात लिहिलेलं नाही, याची कुणाला लाजही वाटत नाही. भाषा म्हणजे कविसंमेलन आणि कीर्तन, पाना-पक्कड ही भाषेबाहेरची गोष्ट, असं आपण ठरवून टाकलंय.

त्यातही आम्ही कला शाखेवाले तर धन्यच. "मला बाबा गाडीतलं काही कळत नाही" हे वाक्य आम्ही कौतुकानं बोलतो, जणू ते सुसंस्कृतपणाचं लक्षण. एखाद्यानं "मला वाचनातलं काही कळत नाही" म्हटलं तर आम्ही त्याची कीव करू. हा हात काळे होणाऱ्या कामाबद्दलचा जुना तुच्छभाव आहे, दुसरं काही नाही. दसऱ्याला आम्ही गाडी धुतो, झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो. बोनेट उघडून आत ऑइलची पातळी बघायची मात्र बुद्धी होत नाही. यंत्राची पूजा म्हणे!

कुणी म्हणेल, मराठीत हे लिहायला शब्द कुठं आहेत? मलाही तसंच वाटायचं. चोर्ल्याच्या प्रसंगानंतर मी माझ्या गाडीचा देखभालीचा तक्ता मराठीत उतरवायला घेतला. परिभाषा कोश उघडला आणि 'शीतक द्रव', 'संयोग-तबकडी' असले शब्द वापरून दोन पानं लिहिली. मोठ्या अभिमानानं मेकॅनिकला दाखवली. तो पहिल्या ओळीलाच अडला. "शीतक? हें कितें? कूलंट बरयात." त्याचं बरोबर होतं. त्याच्या गॅरेजात भाषा कधीपासून आहे, आमचंच लक्ष नव्हतं. क्लच घसरतो. गिअर अडकतो. स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. गाडी मिसिंग मारते, हीट होते, ऑइल खाते, पिकअप घेत नाही. टायर आतल्या बाजूनं झिजला तर अलाइनमेंट बघा. गोव्यातल्या कुठल्याही गॅरेजात ही वाक्यं ऐकू येतात. कूलंट, क्लच, ब्रेक हे शब्द पावासारखेच आपले झालेत. त्यांच्याभोवती क्रियापदं आपली ठेवली की काम भागतं. अर्थ कळला, भाषा जगली.

आणि हे काम थांबलेलं परवडणारही नाही, कारण गाड्यांचे प्रश्न वाढतच चाललेत. साधं पेट्रोलचंच बघा. देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं गेलं. माझ्या २०१७ च्या गाडीच्या पुस्तकात दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलंय. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं फरक किरकोळ असल्याचं सांगितलं, पण काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गास्केट बदलावे लागू शकतील असंही म्हटलं. आता माझ्या गाडीत ते रबरी भाग कोणते, ते झिजले हे ओळखायचं कसं, पेट्रोलचा वास आला तर काय करायचं? हे सांगणारं चार पानी मराठी पत्रक कुठल्या पंपावर मिळतं? इंग्रजी आणि हिंदी वाहिन्यांवर भांडणं भरपूर झाली, पण भांडण ऐकून पाईप तपासता येत नाही.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. गोव्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर देखभालीचा तक्ता आणि धोक्याच्या सूचना इथल्या भाषांत छापून द्याव्यात. तीनशे पानं नकोत, बारा पुरेत. बिलात 'बदललं' आणि 'वरून घातलं' हे स्पष्ट वेगळं लिहावं, आणि काढलेला जुना भाग न मागता मालकापुढं ठेवावा. आपल्या साहित्यसंस्थांनी वर्षाला एक कवितासंग्रह कमी काढला तरी चालेल (कवी मित्रांनी माफ करावं), पण एखाद्या जाणत्या मेकॅनिकला शेजारी बसवून गाडीवरची एक पुस्तिका काढावी. आणि आपण स्वतः, पुस्तकाची ती प्लास्टिकची पिशवी फाडावी.

माझी दोन पानं मी पुन्हा लिहिली, या वेळी गॅरेजातच बसून. दर महिन्याला काय बघायचं, पावसाआधी काय, घाटाआधी काय, दोन वर्षांनी काय. मेकॅनिकनं ती लॅमिनेट करून भिंतीवर लावली आहेत. शेजारी गणपतीचं कॅलेंडर. परवा एक टॅक्सीवाला पोरगा त्याचा मोबाईलवर फोटो काढत होता. माझ्या आजवरच्या लिखाणाचा कुणी असा फोटो काढल्याचं मला आठवत नाही.

सर्व्हिसिंगला मी अजूनही कधी सेंटरला जातो, कधी साखळीला. फरक एवढाच की सही आता शेवटी करतो. गेल्या खेपेला सेंटरनं अकरा ओळींचा अंदाज हातात दिला. मी खिशातलं पेन काढलं आणि सवयीनं समासात शेरा लिहिला : 'बाब क्र. ४, ७ व ९ ची आवश्यकता स्पष्ट करावी.' तो टाय लावलेला पोरगा आत गेला, पाच मिनिटांनी नवा कागद घेऊन आला. त्यात आठच ओळी होत्या.